रायफलीचा गाभा : ॲक्शनची निवड

रायफलीचे मुख्य भाग तीन. गोळीला वेग आणि फिरकी देणारी नळी, खांद्याला टेकणारा दस्ता आणि या दोहोंना जोडणारी ॲक्शन. ॲक्शनमध्ये रिसिव्हर नावाचा पोलादी सांगाडा आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट असतो. ट्रिगर रिसिव्हरच्या पोटाखाली बसतो. बोल्ट पुढे ढकलला की काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये जाते. बोल्टची दांडी खाली वळवली की त्याचे दाते रिसिव्हरच्या खाचांत अडकतात आणि चेंबर मागून घट्ट बंद होते. दात्यांना नेमबाज ‘लग’ म्हणतात. ट्रिगर सुटला की बोल्टच्या पोटातली फायरिंग पिन स्प्रिंगच्या जोराने काडतुसावर आदळते. बार झाल्यावर बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते.

ही सारी कामे कुठलीही रायफल करते. स्पर्धेच्या रायफलीने ती प्रत्येक बाराला अगदी एकसारखी करावी लागतात. त्यासाठी काही कारखाने आणि कारागीर थोड्या संख्येने, अधिक काटेकोर मापांच्या ॲक्शन स्वतंत्रपणे बनवतात. नेमबाज तिला आपल्या पसंतीची नळी, ट्रिगर आणि दस्ता जोडून घेतो. अशा ॲक्शनला कस्टम ॲक्शन म्हणतात.

पाच मिलिमीटरचा हिशेब

इतक्या काटेकोरपणाची गरज लक्ष्याच्या आकारावरून कळते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभ्याने असे प्रत्येकी २० बार मारायचे असतात. स्वप्नीलने त्या फेरीत ६०० पैकी ५९० गुण घेतले होते. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले. साठ बारांत तिचे फक्त तीन गुण गेले.

या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. नळीचे तोंड खांद्यापासून एक मीटरवर आहे असे धरले, तर तिथे झालेली ०.१ मिलिमीटरची हालचाल ५० मीटरवर ५ मिलिमीटर होते. म्हणजे मध्यावर जाणारी गोळी दहाच्या वर्तुळाच्या काठाशी पोहोचते. अंतिम फेरीत गुण दशांशात, १०.९ पर्यंत मोजले जातात. तिथे एवढा फरक पदकाच्या यादीतून बाहेर काढायला पुरेसा असतो.

आधी प्रकार ठरवावा

ॲक्शन निवडताना पहिला निर्णय क्रीडाप्रकाराचा. ५० मीटरच्या स्पर्धेत ५.६ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट टू टू (.२२) लाँग रायफल काडतूस वापरतात. ते रिमफायर जातीचे असते. त्याची ठिणगी देणारी रसायने बुडाच्या कडेत भरलेली असतात आणि पिन त्या कडेवरच आदळते. ३०० मीटरच्या स्पर्धेत ८ मिलिमीटरपर्यंतचे सेंटरफायर काडतूस चालते. त्यात पिन बुडाच्या मध्यावर लागते. चेंबरमधला दाबही वेगळा असतो. .३०८ विंचेस्टरसारख्या सेंटरफायर काडतुसाचा कमाल दाब .२२ च्या जवळपास अडीचपट आहे. त्यामुळे एका प्रकारासाठी घेतलेली ॲक्शन दुसऱ्या प्रकाराला चालत नाही.

नियमही आधीच पाहावे लागतात. ५० मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस हाताने भरायची रायफल लागते, दुर्बीण चालत नाही आणि पुरुषांच्या रायफलीचे वजन ८ किलोच्या आत असावे लागते. म्हणून या प्रकारासाठी मॅगझिनची ॲक्शन घेण्यात अर्थ नाही. मॅगझिनसाठी रिसिव्हरच्या तळाला भोक पाडावे लागते आणि तेवढा त्याचा ताठपणा कमी होतो. एकेरी बाराच्या ॲक्शनचा तळ अखंड राहतो, त्यामुळे जड नळीचा भार पेलताना ती कमी वाकते.

घडणीचा कस

ताठपणानंतर लग कुठे आहेत ते पाहावे. जर्मनीत माउझरने १८९८ मध्ये आणलेल्या रायफलीत मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाला होते. सेंटरफायरच्या बहुतेक टार्गेट ॲक्शन आजही तीच पद्धत पाळतात. भारतात पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनलेल्या ली-एनफिल्ड रायफलीत मात्र लग मागे होते. बाराच्या वेळी त्या बोल्टची अख्खी लांबी दाबली जाई. .२२ चा दाब कमी असल्याने तिथे मागचे लगही पुरतात. उल्म शहरातल्या अँशुट्झ कंपनीची नावाजलेली ‘५४’ ॲक्शन मागून अडकणारीच आहे. म्हणून ‘पुढचे लग चांगले, मागचे वाईट’ असा सरसकट नियम करता येत नाही.

लग कुठेही असले तरी दोन्ही लगांवर भार सारखा यायला हवा. एकच लग टेकला तर बाराच्या धक्क्याने बोल्ट किंचित तिरका होतो आणि हा तिरकेपणा प्रत्येक वेळी सारखा राहीलच असे नाही. तसेच बोल्टचे भोक, नळीचे आटे आणि रिसिव्हरचा पुढचा चेहरा एकाच अक्षावर असावे लागतात. घाऊक उत्पादनात पोलाद कापल्यानंतर त्याला कडकपणा देण्यासाठी तापवले, तर ते थोडे मुरडते. चांगले कस्टम कारागीर आधी धातूला कडकपणा देतात आणि मग शेवटची मापे कापतात. क्रोम-मॉली पोलाद आणि स्टेनलेस पोलाद ही दोन्ही या कामी चालतात. स्टेनलेस दमट हवेत कमी गंजते. कोकणात किंवा पावसाळी घाटमाथ्यावर सराव करणाऱ्याला हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

ठिणगी आणि वेळ

ट्रिगर सुटल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतच्या काळाला लॉक टाइम म्हणतात. तो काही मिलिसेकंदांचाच असतो, पण तेवढ्यातही उभ्याने धरलेली रायफल डोलतच असते. हा काळ जितका कमी, तितकी गोळी नेमबाजाने ठरवलेल्या क्षणाच्या जवळ सुटते. हलकी पिन, तिचे कमी अंतर आणि जोरकस स्प्रिंग यांनी लॉक टाइम घटतो. पण स्प्रिंग फार कडक झाली तर बोल्ट उघडायला जोर लागतो आणि पिनच्या धक्क्याने रायफल हलते. पिन फार हलकी झाली तर ठिणगी अशक्त पडते. चांगल्या ॲक्शनमध्ये या तिन्हींचा मेळ साधलेला असतो.

रिमफायरमध्ये आणखी एक मोजमाप सांभाळावे लागते. काडतुसाची कडा सुमारे एक मिलिमीटर जाडीची असते. ती बोल्ट आणि चेंबर यांच्यामध्ये नेमकी बसली पाहिजे. या जागेला हेडस्पेस म्हणतात. जागा सैल राहिली तर पिनचा काही जोर काडतूस पुढे ढकलण्यात जातो, बारूद प्रत्येक वेळी सारखी पेटत नाही आणि गोळ्या वरखाली लागतात.

हात, डोळा आणि दस्ता

यंत्राइतकाच नेमबाजाच्या शरीराचा विचार करावा लागतो. पात्रता फेरीतले ६० बार ९० मिनिटांत संपवायचे असतात आणि दर बारानंतर बोल्ट उघडावा लागतो. झोपून नेम धरलेल्या नेमबाजाला खांदा न हलवता दांडी उचलता यायला हवी. म्हणून दांडीची लांबी, ती किती अंशांत उघडते आणि काडतूस ठेवायची खिडकी किती मोठी आहे, हे स्वतः आडवे होऊन तपासावे. डावखुऱ्याने डाव्या हाताचीच ॲक्शन घ्यावी. उजव्या हाताच्या ॲक्शनशी जमवून घेताना त्याची बैठक दर बाराला मोडते.

पुढचा प्रश्न जोडणीचा. नेम धरायची साईट बसवण्याची पट्टी कोणत्या मापाची आहे, ट्रिगर कोणता बसतो आणि दस्त्याचे स्क्रू किती अंतरावर येतात, हे ॲक्शनच ठरवते. सेंटरफायरमध्ये १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० ची मापे अनेक कस्टम कारागिरांनी उचलली आहेत. त्या मापांच्या ॲक्शनला दस्ते आणि ट्रिगर सहज मिळतात. आगळ्या मापाची ॲक्शन कितीही देखणी असली, तरी एक स्प्रिंग तुटल्यावर नवी परदेशातून येईपर्यंत सराव थांबतो. भारतात राहणाऱ्या नेमबाजाने सुट्या भागांची चौकशी खरेदीआधीच करावी.

परवाना

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश शस्त्रातच होतो. नुसती ॲक्शन मागवायची तरी कायद्याची परवानगी लागते. ती नळीला जोडण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. क्रीडा नेमबाजांना त्यांच्या दर्जानुसार वेगळी सवलत आहे. परवान्याचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या शहरात आयुक्तांकडे जातो. उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगराखाली राहणाऱ्या होतकरू नेमबाजाचा कागद गोंदियाच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. आजूबाजूला जंगल असले तरी ही रायफल रेंजवरच चालवायची असते. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. क्रीडा नेमबाजीची शिस्त लावणारी राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही अनेक नवोदितांची पहिली मोठी पायरी असते.

खर्चाचा क्रम

ॲक्शन ठरली की तिची परीक्षा नळी आणि काडतुसांसह घ्यावी. रायफल शिकंज्यात घट्ट धरून एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचे दहा-दहा बारांचे अनेक गट मारावेत. .२२ मध्ये एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये स्पष्ट फरक पडतो. म्हणून जमलेला लॉट सापडला की तो पुरेसा विकत घेऊन ठेवावा. गोळ्या विखुरल्या तर दोष आधी काडतुसांत, मग नळीत, मग दस्त्याच्या बैठकीत शोधावा आणि ॲक्शनवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

खर्चाचा क्रमही असाच असावा. नवोदिताला क्लबची साधी, धड अवस्थेतली रायफल पहिली काही वर्षे पुरते. त्या काळात पैसा काडतुसांवर आणि प्रशिक्षणावर खर्चावा. आपला प्रकार, आपली बैठक आणि आपल्या चुका नीट कळल्यावर, आणि रायफलीच्या मर्यादेमुळेच गुण अडत आहेत हे शिकंज्यातल्या परीक्षेने दाखवल्यावर, कस्टम ॲक्शन मागवावी.