सावलीचा हिशेब

वाळवण घालणाऱ्या बायकांना सावलीचे गणित पाठ असते. कठड्याची सावली सकाळी कुठवर असते, टाकीची सावली दुपारनंतर कोणत्या कोपऱ्यात येते, हे ध्यानात घेऊनच कुरडयांची खाट मांडली जाते आणि दिवसातून दोनतीनदा सरकवली जाते. आता त्याच गच्चीवर सौर पॅनल येऊ लागली आहेत, आणि पॅनल सरकवता येत नाही. एकदा बसवले की पंचवीस वर्षे ते तिथेच. आपल्याकडे ऊन सगळ्यांच्याच गच्चीवर भरपूर पडते. गच्चीगच्चीत फरक पडतो तो सावलीने.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले, पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर केले. तेव्हापासून सोसायट्यांच्या सभांमध्ये हा विषय हमखास निघतो. विक्रेते माहितीपत्रके घेऊन येतात आणि त्यातले काही म्हणतात, “जुन्या पद्धतीचा एक मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. प्रत्येक पॅनलला स्वतःचा छोटा इन्व्हर्टर घ्या. सावलीची काळजीच मिटते.” ह्या वाक्यात खरे किती आणि विक्रीचे किती, हे शोधण्यासाठी मी बऱ्याच गच्च्या चढलो आणि तंत्राची पुस्तके वाचली. हाती लागले ते इथे मांडतो.

दोन प्रकारची वीज

आजच्या सौर घटाचा जन्म १९५४ सालचा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघांनी सिलिकॉनचा घट तयार केला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्के ऊर्जा तो विजेत उतरवत असे. आज बाजारात मिळणारी पॅनल वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. पण एक गोष्ट बदललेली नाही. घटातून निघणारी वीज दिष्ट असते, म्हणजे बॅटरीतल्यासारखी एकाच दिशेने वाहणारी. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. ती २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारी, म्हणजे सेकंदात शंभर वेळा शून्यावर येऊन दिशा पालटणारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनची दिष्ट वीज आणि वेस्टिंगहाउसची प्रत्यावर्ती वीज ह्यांची लढाई झाली आणि प्रत्यावर्ती वीज जिंकली. म्हणून आज गच्चीवरच्या विजेला घरात येण्याआधी स्वभाव बदलावा लागतो. तो बदलणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर.

नेहमीच्या पद्धतीत आठदहा पॅनल एकामागोमाग एक जोडून त्यांची माळ करतात आणि माळेचे टोक जिन्यातल्या भिंतीवरच्या एका इन्व्हर्टरला देतात. ५४० वॉटचे पॅनल साधारण ४० व्होल्ट आणि १३ अँपिअर देते. दहांची माळ झाली की ४०० व्होल्ट. दुसऱ्या पद्धतीत माळच नसते. प्रत्येक पॅनलच्या पाठीशी, सांगाड्याच्या पट्टीवर, जेवणाच्या डब्याएवढा इन्व्हर्टर बसतो आणि गच्चीवरून थेट २३० व्होल्टची वीज खाली येते. ह्यालाच मायक्रोइन्व्हर्टर म्हणतात. काही कारखाने तो पॅनललाच बसवून देतात. अशी यंत्रे नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकातच निघाली होती, पण ती घरोघरी पोचू लागली २००८नंतर, कॅलिफोर्नियातल्या एन्फेज कंपनीचे उत्पादन बाजारात आल्यावर.

माळेचे अर्धसत्य

दिवाळीतल्या जुन्या तोरणातला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. विक्रेते हेच उदाहरण देतात आणि म्हणतात, एका पॅनलवर सावली आली की दहाही पॅनल झोपतात. हे अर्धसत्य आहे. माळेतून एकच प्रवाह वाहतो आणि सावलीतल्या घटाला तो पेलत नाही, इथपर्यंत बरोबर. पण प्रत्येक पॅनलच्या पाठीवरच्या खोक्यात सहसा तीन डायोड असतात. पॅनलचा एखादा भाग अडला की प्रवाह त्या डायोडमधून वळसा घालून पुढे जातो. कावळ्याने एका घटावर घाण केली तर फार तर त्या पॅनलचा तिसरा हिस्सा बाद होतो. दहांपैकी एक पॅनल पूर्ण सावलीत गेले तर माळेचा सुमारे दहावा हिस्सा जातो. मायक्रोइन्व्हर्टर असता तरी जवळपास तेवढेच गेले असते, कारण सावलीतले पॅनल कोणत्याही यंत्राने उन्हातले होत नाही.

मग फरक कुठे पडतो? पॅनलना कमीजास्त ऊन मिळते तिथे. एक उदाहरण घेऊ. कौलारू घराच्या पूर्व उतारावर सहा पॅनल, पश्चिम उतारावर चार, आणि सगळ्यांची एकच माळ. सकाळी पश्चिमेकडच्या चारांना पूर्वेच्या ७० टक्के ऊन मिळते असे धरू. इन्व्हर्टरपुढे दोनच वाटा असतात. पूर्ण प्रवाह चालवावा, तर ती चार पॅनल वळशाने वगळली जातात आणि सहांची वीज मिळते. प्रवाह ७० टक्क्यांवर आणावा, तर दहाही पॅनल चालतात, पण मिळते सुमारे सातांची वीज. प्रत्येकाला स्वतःचा इन्व्हर्टर असता तर सहा आणि २.८ मिळून ८.८ पॅनलांची वीज हाती आली असती.

पण इथेही दुसरी बाजू आहे. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या इन्व्हर्टरना दोन स्वतंत्र जोडण्या असतात. पूर्वेची माळ एकीला आणि पश्चिमेची दुसरीला दिली की ह्या उदाहरणातला तोटा जवळपास भरून निघतो, तोही कमी पैशात. मायक्रोइन्व्हर्टरची खरी गरज लागते ती दोन माळांत न मावणाऱ्या गच्चीला. तीन दिशांचे तुकडे, मधेच जिन्याची खोली, शेजारच्या नारळाची फिरती सावली, अशी ती गच्ची. दुसरी गरज अगदी छोट्या संचाची. सोसायटीच्या गच्चीत ज्याच्या वाट्याला दोनच पॅनलांची जागा येते, त्याची माळ मोठ्या इन्व्हर्टरला जागे करण्याइतके व्होल्टही देत नाही. असा माणूस दोन पॅनल आणि दोन मायक्रोइन्व्हर्टर घेऊन सुरुवात करू शकतो आणि पुढे जागा मिळाली तर तिसरे जोडू शकतो. मोकळ्या, सपाट, दक्षिणेला उघड्या गच्चीवर मात्र तो जादा खर्च कशासाठी, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

पॅनलच्या पोटाखालचा उन्हाळा

माहितीपत्रकात सहसा नसणारी गोष्ट म्हणजे उष्णता. एप्रिलमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात पॅनलचे तापमान ६०-६५ अंशांवर सहज जाते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनलची क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या दुपारी दहा ते सोळा टक्के वीज उष्णतेपायीच जाते. मायक्रोइन्व्हर्टरला राहावे लागते ते ह्याच पॅनलच्या पोटाखाली.

त्याचे दुखणे त्याच्या कामातच आहे. पॅनल एकसारखी वीज देते, पण घराकडे ती सेकंदाला शंभर ठोक्यांनी पाठवायची असते. दोन ठोक्यांमधली ऊर्जा क्षणभर साठवण्यासाठी आत कपॅसिटर लागतात. द्रव भरलेल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. कपॅसिटर कोणत्या प्रकारचे आहेत, हमी किती वर्षांची आहे, आणि हमीत फक्त यंत्र आहे की ते बदलण्याची मजुरीही. जिन्यातला इन्व्हर्टर बिघडला तर सगळी वीज बंद पडते, पण त्याच्यापर्यंत हात पोचतो. छपरावरचा एक मायक्रोइन्व्हर्टर बिघडला तर एकाच पॅनलचे नुकसान होते, पण तो काढायला पाऊणशे फुटांवर चढून २५-३० किलोचे पॅनल उचलावे लागते. नुकसान वाटले जाते, तसे कष्टही वाटले जातात.

सुरक्षिततेत मात्र छोट्या इन्व्हर्टरचे पारडे जड आहे. दिष्ट विजेची ठिणगी एकदा पेटली की विझत नाही, कारण तो प्रवाह शून्यावर येतच नाही. चारशे व्होल्टच्या माळेतला सैल जोड म्हणूनच आग लावू शकतो. मायक्रोइन्व्हर्टरच्या पद्धतीत दिष्ट वीज ४०-५० व्होल्टच्या वर जात नाही आणि हातभर वायरीतच संपते.

बसवण्याआधी, बसवताना

सावलीची पाहणी डिसेंबरात करावी. पुण्यात २२ डिसेंबरला भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. तीन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला २.७ मीटर पडते आणि सकाळी नऊला तीच सात मीटरांच्या आसपास लांब असते. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि मध्यान्हीची सावली वीतभर होऊन दक्षिणेला पडते. मे महिन्यात गच्ची बघून ‘इथे सावलीच नाही’ म्हणणाऱ्याचे शब्द डिसेंबरात खोटे ठरतात.

दुसरी काळजी गळतीची. आपल्या गच्च्यांवर विटांचा कोबा असतो. सांगाड्यासाठी त्यात भोके पाडली की पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड भांडायला येते आणि ते भांडण पॅनलपेक्षा जास्त टिकते. शक्य तिथे काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांवर सांगाडा उभा करावा. पण वारा विसरू नये. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची कौले आणि पत्रे उडवले. कलते पॅनल म्हणजे वाऱ्याला आयते मिळालेले शीडच. किनारपट्टीवर ठोकळ्यांचे वजन हिशेब करूनच ठरवावे, सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. खाऱ्या हवेत साधा बोल्ट फार काळ टिकत नाही.

मायक्रोइन्व्हर्टर पॅनलला चिकटवू नये. हवा खेळायला जागा ठेवावी. वायरी कोब्यावर लोळू देऊ नयेत, पट्टीला बांधाव्यात आणि खोक्यात शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी ओघळून तिथेच गळते. आणखी एक मुद्दा बारीक वायरीचा. गच्चीपासून मीटरपर्यंतची वायर लांब आणि बारीक असेल, तर दुपारी वीज भरात असताना इन्व्हर्टरच्या टोकाशी व्होल्टेज चढते. ठरावीक मर्यादेपलीकडे, २३० व्होल्टवर साधारण दहा टक्के म्हणजे २५३च्या पुढे गेले, की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. ऊन भरपूर आणि वीज नाही, असे ऐन दुपारी झाले तर पॅनलच्या आधी वायरीची जाडी तपासावी.

वीज गेल्यावर

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ‘आता आमच्याकडे लाइट जाणार नाही’ असे समजून पैसे भरणारे बरेच असतात. वितरण कंपनीची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, मोठा असो वा छोटा, क्षणात थांबतो. ते मुद्दाम तसे केलेले आहे. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरची वीज लागू नये, म्हणून. त्याच्या जिवापुढे आपला दुपारचा पंखा मोठा नाही. वीज गेल्यावरही घर चालवायचे असेल तर बॅटरी आणि घराला ग्रिडपासून आपोआप तोडणारा स्विच लागतो. तो खर्च वेगळा, आणि तो आधीच विचारून घ्यावा.

निगा

निगा म्हणजे निम्मी धुलाई आणि निम्मे वाचन. धुलाई पहाटे किंवा संध्याकाळी करावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरा थर धरतो, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा असावा. साबण आणि घासणी नको. पाऊस निम्मे काम करतोच, पण दिवाळीनंतर ते आपल्याकडे येते. साखर कारखान्याजवळच्या गावात गाळपाच्या हंगामात काजळी बसते. आमराईच्या कडेला मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर धूळ धरते. तो पावसाची वाट बघत ठेवला तर निघायला कठीण जातो.

वाचनाच्या बाबतीत मायक्रोइन्व्हर्टर खरोखर उपयोगी आहे. तो प्रत्येक पॅनलचा आकडा वेगळा सांगतो. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, पण हा आकडा ढगांवर नाचतो; त्यावरून बिघाड कळत नाही. बिघाड कळतो शेजाऱ्याशी तुलना केल्यावर. एकाच दिशेची सहा पॅनल दिवसभरात सारखी चालली आणि सातवे मागे पडले, तर त्यावर घाण आहे, सावली आहे किंवा जोड सैल आहे. ते रोज ठरावीक वेळीच मागे पडत असेल तर सावली. दिवसभर सारखेच मागे असेल तर घाण किंवा बिघाड. वर चढण्याआधी खाली बसूनच एवढे निदान होते.

मात्र ते आकडे कोणीतरी पाहावे लागतात. सोसायटीत अध्यक्ष बदलतात, बसवणाऱ्याचा फोन नंबर बदलतो, मोबाइलमधले खाते ज्याच्या नावावर असते तो फ्लॅट विकून जातो. पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूची माहिती दोन वर्षांत हरवते, असे मी एकाहून अधिक गच्च्यांवर पाहिले आहे. उपाय साधा आहे. बसवण्याच्या दिवशीच गच्चीचा नकाशा काढावा. कोणते पॅनल कुठे, त्याखालच्या इन्व्हर्टरचा क्रमांक काय, हमी कधी संपते, बंद करताना कोणता स्विच आधी पाडायचा, हे त्यावर मराठीत लिहावे. एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवावी आणि एक मीटरच्या खोक्याच्या दाराला आतून चिकटवावी. सांगाडा उभारणारी माणसे गच्चीवरून उतरण्याआधी हा कागद तयार करून घ्यावा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.