नवा कॅमेरा आणि अन्व्याची मूर्ती

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील अन्वा येथे एक मध्ययुगीन मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधे चार हातांत चोवीस प्रकारे येऊ शकतात, आणि त्या क्रमावरून रूपाचे नाव ठरते. खालच्या उजव्या हातापासून पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असला तर तो केशवाचा. एक आयुध चुकले की नाव चुकले.

माझ्या जुन्या खिशातल्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात एका मूर्तीचा वरचा हात म्हणजे नुसता काळा डाग होता. टिपणात प्रश्नचिन्ह टाकले आणि नवा कॅमेरा घ्यायचे ठरवले.

दुकानात पहिला प्रश्न आला, ‘किती मेगापिक्सेल हवेत?’ हा प्रश्नच फसवा आहे. कॅननच्या २००८ मधील जी १० ला १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षीच्या जी ११ मध्ये कंपनीने ते १० वर आणले. संवेदकाचा आकार तोच ठेवून पिक्सेल वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि अंधाऱ्या भागात कणकण दिसू लागते.

म्हणून आधी संवेदक पाहावा. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तो सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा होता. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा संवेदक प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून आले. तरी त्याचे क्षेत्रफळ जुन्याच्या चौपट भरते. खोल कोरलेल्या मूर्तीवर दुपारचे ऊन पडले, तरी उजेडातला दगड पांढरा न पडता सावलीतले बारकावे टिकतात, ते यामुळे.

दुसरी गोष्ट भिंगाची. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतील २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलचे भिंग एफ १.८ पर्यंत उघडते; २०१८ च्या सहाव्याचे एफ २.८ पर्यंतच. सहावे दूरचे जवळ आणते, पण तिसरे जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. मंडपातल्या अंधारात, तिपाई नसताना, मला जुने मॉडेलच उपयोगाचे होते. तेच घेतले, तेही वापरलेले. त्यात रॉ स्वरूपात चित्र साठवता येते. जेपीईजी करताना कॅमेरा जो तपशील गाळतो, तो हाती राहतो.

पुन्हा अन्व्याला गेलो. त्या हाताचे छायाचित्र आता स्वच्छ आले. तिथे आयुध नव्हतेच. दगड तुटलेला होता. टिपणातले प्रश्नचिन्ह खोडले आणि ‘भग्न’ असे लिहिले. आधी न दिसणे माझ्या कॅमेऱ्याचे होते, आता नसणे दगडाचे आहे. अभ्यासात हा फरक मोठा आहे.

जुनी छायाचित्रे मात्र तारखेसह जपून ठेवली आहेत. दगड झिजतो, पुढे कधी तीच पुरावा ठरतील.