काविळीचा झाडपाला : भुईआवळीच्या परीक्षेत काय निघालं?

घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की आजही अनेकांना आधी आठवतो तो झाडपाला देणारा. सकाळी उपाशीपोटी वाटलेला पाला घ्यायचा, तेल-तिखट बंद करायचं, आणि थोड्या दिवसांत माणूस बरा होतो. मग पाल्यात औषध नाही असं कसं म्हणायचं? संशोधकांनी हे खरोखर तपासून पाहिलं आहे.

भुईआवळी आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवते. तिच्या पानांखाली आवळ्यासारखी बारीक फळं असतात. हेपटायटिस बी विषाणूच्या शोधाशी जोडलेल्या कामासाठी १९७६ चं नोबेल मिळालेले बारूख ब्लुमबर्ग यांनी तिच्यावर काम केलं. विषाणूला वाढण्यासाठी एक एन्झाइम लागतं. भुईआवळीचा अर्क प्रयोगशाळेत ते रोखतो, असं १९८७ मध्ये दिसलं.

पण नळीत जमलं ते माणसाच्या शरीरात जमेलच असं नाही. म्हणून मद्रासमध्ये रुग्णांवर चाचणी झाली. काहींना भुईआवळीची पूड, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल महिनाभर दिली. १९८८ मध्ये निकाल छापून आला. पूड घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तात विषाणूची खूण दिसली नाही. दुसऱ्या गटात २३ पैकी फक्त एकाच्या. मोठी आशा वाटली.

मात्र नंतर इतर ठिकाणच्या चाचण्यांत तसा गुण आला नाही. २०११ मध्ये कोक्रेनने अशा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही बी वर भुईआवळीचा फायदा होतो असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

मग आपले चाचा पाल्याने बरे कसे झाले? हेपटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय पाल्याला जातं. बी आणि सी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खराब करू शकतात, कॅन्सरही होऊ शकतो. डोळे पांढरे झाले म्हणजे विषाणू गेला, असं नाही. खरा धोका इथेच आहे.

म्हणून कावीळ दिसली की रक्ताची तपासणी करून घ्या. बाई गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका, ई ची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते. बी वर विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. सी बहुतेकांचा सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बाळाला बी ची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, ती चुकवू नका.

पाला घेतलाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. दुआ जरूर करा, पण इलाज करणं हीसुद्धा आपल्या दीनची शिकवण आहे.