ऑर्डर दुप्पट, मग गल्ला रिकामा का?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या छोट्या फाउंड्रीला दुप्पट ऑर्डर मिळते आणि मालकाच्या हातातला पैसाच आटतो. असं का होतं?

भंगार, पिग आयर्न आधी विकत घ्यावं लागतं. भट्टीचं वीजबिल, कामगारांचे पगार थांबत नाहीत. साच्यात ओतलेला भाग निवतो, वाळू झाडतात, ग्राइंडिंग होतं, तेव्हा कुठे माल निघतो. बिलाचे पैसे बरेचदा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. उसासारखंच हे: लागण आज, बिल पुढच्या वर्षी, क्षेत्र दुप्पट केलं की खताचा खर्चही आधीच दुप्पट.

नफा वहीत, रोकड गिऱ्हाइकाकडे.

२००६च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणं बंधनकारक आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती खरी आहे आणि ती लहान कारखानदारावर अन्याय करते.