तलवार एकाकडे, पत्रं दुसरीकडे

१८०३ साली लंडनमध्ये लॉइड्सच्या मंडळींनी ‘पॅट्रिऑटिक फंड’ उभारला आणि आरमारी अधिकाऱ्यांना बक्षिसाच्या तलवारी देणं सुरू झालं. कॅप्टनला शंभर पौंडांची, लेफ्टनंटला पन्नासची, मिडशिपमनला तीसची. विम्याचा धंदा करणारी माणसं ती. शौर्याचाही दर ठरलेला! निळसर पात्यावर सोनेरी अक्षरांत नाव, जहाज आणि पराक्रम कोरलेला असे. पुढच्या संग्राहकांना या तलवारी प्रिय झाल्या, यात नवल नाही.

साध्या तलवारीवर मात्र नाव क्वचितच असतं. ती कुणाच्या कमरेला होती, हे घरातली पत्रं सांगतात. पण वारसांमध्ये वाटणी होते तेव्हा तलवार एकाकडे जाते, पत्रं दुसरीकडे. आणि मग दोन्ही मुकी होतात.

म्हणूनच २००२ चा सदबीज या लिलावसंस्थेचा लिलाव मोठा वाटतो. अलेक्झांडर डेव्हिसन हा ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा मित्र आणि त्याच्या लुटीच्या पैशांचा हिशेब पाहणारा एजंट. १७९८ च्या नाईलच्या लढाईनंतर त्याने स्वखर्चाने प्रत्येक खलाशाला पदक दिलं. डेव्हिसनच्या वंशजांकडे हिरेजडित नांगराचा ब्रूच, नेल्सनची तुर्की तलवार, त्याची पैशांची थैली आणि कागदपत्रं एकत्र टिकली होती. नेल्सन जिथे पडला त्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या स्मृतिदिनी, २१ ऑक्टोबरला, ती विक्रीला आली. तलवारीला तीन लाख पौंडांहून जास्त मिळाले.

माझ्या मते खरा ऐवज निराळाच होता: नेल्सनच्या पत्नीने, फ्रान्सिसने, डेव्हिसनला लिहिलेली पत्रं. नेल्सनची प्रेयसी एमा हॅमिल्टन हिच्या प्रकरणात चरित्रकारांनी या बाईला थंड, कोरडी ठरवून टाकलं होतं. पत्रांत दिसते ती नवऱ्याने परत यावं म्हणून मध्यस्थाची विनवणी करणारी बायको. ही पत्रं आज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत.

घरच्या पत्रांचा आज आणखी एक उपयोग आहे. २०२२ पासून ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या विक्रीवर कडक निर्बंध आले. हस्तिदंती मुठीची तलवार १९४७ पूर्वीची आणि तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणी करून विकता येते. वय पटवायला घरची जुनी पत्रं कामी येतात. १८०५ च्या आरमारी नियमांनी वरिष्ठांना हस्तिदंती मूठ दिली होती, लेफ्टनंटला काळ्या मत्स्यचर्माची. आज नोंदणीच्या कटकटीतून सुटला तो लेफ्टनंटच.