थोडे चपळ की पुष्कळ संथ?

यवतमाळकडे कापूस वेचताना तुम्ही पाहिले असेल. माणसे वाढवली की शेत लवकर आटोपते. पण आधी नांगरणी, मग वखरणी, मग पेरणी हा क्रम माणसे वाढवून मोडता येत नाही.

संगणकाच्या प्रोसेसरचेही तसेच आहे. त्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला ‘कोअर’ म्हणतात. वर्कस्टेशनमध्ये सामान्यतः कोअर थोडे पण चपळ असतात. सर्व्हरमध्ये पुष्कळ पण काहीसे संथ.

समजा, ६४ गणिते आहेत. वर्कस्टेशनचे ८ कोअर प्रत्येक गणिताला २ मिनिटे घेतात, सर्व्हरचे ६४ कोअर ३ मिनिटे. गणिते स्वतंत्र असतील, तर वर्कस्टेशनला १६ मिनिटे लागतील, सर्व्हरला केवळ ३! परंतु प्रत्येक गणिताला आधीचे उत्तर लागत असेल, तर एका वेळी एकच कोअर राबेल. मग वर्कस्टेशनला १२८ मिनिटे, सर्व्हरला १९२!

पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला, तोही अनेक प्रोसेसरांत काम वाटूनच.

म्हणून संगणक निवडताना आधी विचारा, काम वाटता येते का? नाहीतर पैसाही जाईल आणि कामही रेंगाळेल.