तोडा, शिंग आणि कोशाची वादी

चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आजही उभे आहेत. १७५१ च्या सुमारास चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्या काळचा एखादा बंदूकधारी शिपाई या दरवाजातून आत येताना त्याच्या कमरेला काय काय लटकत असेल, हा प्रश्न बरीच वर्षे माझ्या मागे लागला आहे.

मिरवणुकीत, महानाट्यात किंवा चित्रपटात त्याचे उत्तर ठरलेले असते: पागोटे, अंगरखा, ढाल, तलवार. एखाद्याच्या हाती बंदूक दिलीच, तर ती एकटीच असते. अमेरिकेत किंवा युरोपात अठराव्या शतकातील लढाया हौसेने पुन्हा उभ्या करणारी मंडळी दारूचे शिंग, गोळ्यांची पिशवी, पाण्याचे भांडे यांवर बंदुकीइतकाच जीव टाकतात. त्यामागे कारण आहे.

तोड्याची बंदूक एकटी चालत नाही. नळीत दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची. नळीच्या बाजूला भोकाशी जी लहान वाटी असते, तिच्यात बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची. घोड्याच्या चिमट्यात पेटता तोडा अडकवायचा. चाप ओढला की तोड्याचे टोक रंजकावर टेकते आणि बार उडतो. म्हणजे शिपायाजवळ दारूचे शिंग, रंजकाची वेगळी कुपी, गोळ्यांचा बटवा, गज, चकमक आणि काही हात तोडा हवाच. तोडा विझला की हातात उरतो तो नुसता दांडा.

यातले लोखंड टिकले, म्हणून ते वस्तुसंग्रहालयात पोचले. दोरी, साल, कातडे कुजले, म्हणून ते आपल्या चित्रातूनही गेले. त्यांचा शोध घ्यायचा तर शस्त्रांच्या पुस्तकांपेक्षा वनस्पतींची पुस्तके उपयोगी पडतात. बंदुकीचा तोडा करण्यासाठी कुंभा या झाडाची धागेदार साल वापरत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील वनस्पतितज्ज्ञांनी केली आहे. रुईच्या लाकडाचा हलका कोळसा दारूसाठी चांगला, हेही त्यांनी लिहिले आहे. रेशमाविषयी लिहिणाऱ्यांची नोंद तर अधिक नवलाची आहे. टसरीचा टणक कोष गोल गोल कापत गेले की एक लांब, चिवट वादी निघते. बंदुकीची नळी दस्त्याला आवळून बांधायला ती वापरत.

या नोंदी साऱ्या हिंदुस्थानाविषयी आहेत. पण कुंभा चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात उभा आहे, रुई बांधाबांधावर आहे आणि आरमोरीकडचे ढीवर आजही ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा जोपासतात. पाण्यासाठी वाळवलेला तुंबा इथल्या गावांनी कालपरवापर्यंत खांद्याला लावला. अठराव्या शतकातील शिपायाचे सामान घडवू शकणारे हात संग्रहालयात नाहीत, ते या गावांत आहेत. कोणत्या ऋतूत साल काढावी, ती कशी कुटावी, कोष कुठून कापायला घ्यावा, हे ज्ञान कागदावर फारसे आलेले नाही. पुढची पिढी शहराकडे निघाली की ते तिथेच थांबते.

म्हणून शिवजयंतीच्या देखाव्यासाठी किंवा नाटकासाठी शिपाई उभा करणाऱ्यांना माझे सांगणे सोपे आहे. जुन्या वस्तू विकत घेऊ नका. शंभर वर्षांवरील वस्तूंना पुरावशेषांचा कायदा लागू होतो. शिंग म्हशीचे घ्या, गव्याचे नको. तो संरक्षित प्राणी आहे. परवान्याशिवाय बार उडवू नका, बंदूक लाकडी चालेल. पण तोडा खरा वळून घ्या, वादी खऱ्या कोशाची कापून घ्या, आणि ज्याच्याकडून शिकाल त्याला मजुरी द्या व त्याची रीत लिहून ठेवा. देखावा एका दिवसाचा असतो. ती वही मात्र पुढच्या संशोधकाच्या कामी येईल.